काँक्रीटचे पहिले चौदा दिवस

गोठ्याचें छत, पाण्याचा हौद, धान्याची वखार हीं कामें सिमेंट-काँक्रीटमध्यें करून घेण्याची चाल खेडोपाडीं पडली आहे. एकेका कामांत शेतकऱ्याचा एका हंगामाचा पैसा जातो. पण काँक्रीट ओतून झालें कीं मालकाचें लक्ष उडतें, आणि खरें काम तर तेव्हांच सुरू झालेलें असतें.

पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, काँक्रीट वाळून घट्ट होतें. मातीची वीट वाळते. सिमेंट पाणी पिऊन दगड बनतें. त्यांच्या रासायनिक संयोगांत उष्णता बाहेर पडते, आणि तो संयोग जितका पुढें जाईल तितकेंच बळ येतें. पाणी उडून गेलें कीं तो तेथेंच थांबतो. दुसऱ्या दिवशीं वरचा थर टणक लागतो, माणसें त्यावरून चालतातही. पण पायाखालीं टणक लागणें आणि टेकू काढल्यावर स्वतःचा भार पेलणें ह्यांत फार अंतर आहे.

हें अंतर न ओळखल्यास काय होतें ह्याचें दारुण उदाहरण अमेरिकेंतील आहे. वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत विलो आयलंड येथें वीजघराचा पाणी थंड करण्याचा मनोरा बांधला जात असतां, २७ एप्रिल १९७८ रोजीं त्याचा वरचा भाग पायाडासकट कोसळला व ५१ कामगार मृत्युमुखीं पडले. पायाड त्या काँक्रीटलाच अडकविलेलें होतें. आदल्या दिवशीं ओतलेल्या थरास पुरेसें बळ येण्यापूर्वींच त्यावर भार चढला, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष निघाला. आपल्या गोठ्याचें छत लहान खरें. पण त्याखालीं बैलजोडी व माणसें असतात.

बळ कोठवर आलें ह्याचा अंदाज उष्णतामानावरून करतां येतो. काँक्रीटच्या आंतील सेंटिग्रेड अंशांत १० मिळवून तासांनीं गुणावें. ३० अंशांवर ३ दिवसांत जी बेरीज होते, ती १० अंशांवर होण्यास ६ दिवस लागतात. म्हणून वैशाखांतला अनुभव पौषांतील कामास लावूं नये. शहरांतील मोठ्या कामांवर काँक्रीटमध्यें तापमापक पुरून हे आंकडे मोबाईलवर पाहतात. मात्र आंत ओलावा टिकला असेल तरच ही बेरीज खरी.

प्रत्यक्ष प्रमाण हवें असल्यास १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून फोडून पाहावे. प्रयोगशाळेच्या पाण्यांत ठेविलेले ठोकळे मिश्रण कसें होतें तेवढेंच सांगतात. छताची हकीगत कळावयाची तर आणखी तीन ठोकळे छताशेजारींच, त्याच उन्हांत व त्याच पाण्यावर ठेविले पाहिजेत. साध्या पोर्टलंड सिमेंटला ७ दिवसांत २८ दिवसांच्या सुमारें दोनतृतीयांश बळ येतें. राखमिश्रित सिमेंट आरंभीं मागें राहतें.

छतावर मातीचे वाफे बांधून पाणी साठवावें. ही कला आपणांस गवंड्यापेक्षां अधिक येते. भिंतींना ओलें गोणपाट गुंडाळावें. दिवसांतून दोनदां नळी मारून मधल्या वेळीं उन्हांत वाळूं देणें, हें पाणी घातल्याचें समाधान मात्र आहे. भारतीय मानकाच्या सन २००० च्या संहितेंत साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या कडक हवेंत १० दिवस ओलावा सांगितला आहे. मिश्रित सिमेंटला अशा हवेंत १४ दिवस द्यावे.

त्याच संहितेप्रमाणें ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या छताचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवावे. तुळईखालचे ६ मीटरपर्यंत १४ व पुढें २१ दिवस. हे आंकडे साध्या सिमेंटचे, नीट पाणी मिळालेल्या व १५ अंशांखालीं न गेलेल्या हवेचे आहेत.

टेकू व पत्रे भाड्याचे असल्यानें ठेकेदारास ते लवकर हवे असतात. दर ठरवितांनाच हे दिवस करारांत लिहून घ्यावे, आणि ओतल्याची तारीख व वेळ ओल्या काँक्रीटच्या कडेवर खिळ्यानें कोरून ठेवावी.