ओट्यावर जागा किती?

प्रदर्शनाला दोनच दिवस उरले होते आणि भाचीच्या घंटेचा पडदा काही उजळेना. नववीतली पोर. अर्डुइनो उनोवर तिने शाळेची घंटा बनवली होती. तास बदलला की बझर वाजायचा आणि छोट्याशा ओएलईडी पडद्यावर रोमन अक्षरांत सूचना उमटायची. सूचना पाच-सहा होत्या तोवर सगळे सुरळीत होते. हौसेने तिने त्या तीसवर नेल्या आणि पडदा काळा झाला. "जळाला असेल," म्हणत तिचे अब्बू नवा आणायला निघालेही होते.

"खाला, कॉम्प्युटर तर म्हणतो सगळं ठीक आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी भाषा शिकवणारी. पण शाळेतल्या या खोक्यांची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून थोडेफार शिकले आहे. आधी अब्बूंना बसवले, मग तिला स्वयंपाकघरात नेले.

उनोवरच्या ॲटमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्राम ठेवायला ३२ केबी जागा असते. हे झाले आपले फडताळ. वीज गेली तरी त्यातले सामान जागेवर राहते. पण काम चालू असताना वापरायची जागा, म्हणजे ओटा, फक्त २ केबी. २,०४८ बाइट. मोबाइलवरचा एक साधा फोटोही याच्या कित्येक पट मोठा असतो.

आता गंमत अशी, की प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेले प्रत्येक वाक्य फडताळात तर असतेच, शिवाय चिप सुरू होताच ओट्यावरही येऊन बसते. तिच्या तीस सूचनांनीच सुमारे ७०० बाइट अडवले होते. कॉम्प्युटरचा हिशेब सांगत होता : १,२९० बाइट वापरले, म्हणजे ६२ टक्के, ७५८ शिल्लक. जागा कमी असल्याचा इशारा ७५ टक्क्यांच्या पुढे येतो, म्हणून तो गप्प होता.

पण पडद्याचे बिंदू १२८ गुणिले ६४. एका बाइटमध्ये आठ बिंदू मावतात, म्हणजे चित्र जुळवायला १,०२४ बाइट हवेत. ही जागा पडद्याची लायब्ररी प्रोग्राम चालू झाल्यावर मागते, त्यामुळे आधीच्या हिशेबात ती धरलेलीच नसते. हव्यात १,०२४, आहेत ७५८. पडदा जळाला नव्हता, त्याला ओट्यावर जागाच मिळाली नव्हती.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक सूचनेला कंस करून त्याआधी कॅपिटल एफ लिहायचे. मग वाक्य फडताळातच राहते आणि लागेल तेव्हा तिथूनच वाचले जाते.

तिला चेव चढला. वेळापत्रकातले ४८ आकडे तिने 'इंट'मध्ये ठेवले होते, प्रत्येकी २ बाइट. ते सगळे तिने 'बाइट' करून टाकले. वापर ५४२ वर आला, पडदा उजळला, पण साडेदहाला घंटा वाजेना! एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. मध्यरात्रीपासून मोजले तर साडेदहा म्हणजे ६३० मिनिटे. त्यातून २५६ दोनदा वजा होऊन उरले ११८, म्हणजे घंटा पहाटे १ वाजून ५८ मिनिटांनी. अब्बू पोट धरून हसले. शेवटी साडेदहापासून पाच-पाच मिनिटांचे टप्पे मोजायचे ठरले. संध्याकाळचे पाच म्हणजे ७८. आरामात मावले.

"मग सूचना मराठीत का नको?" तिने विचारले. प्रश्न माझ्या आवडीचा. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दू हरफाला २ आणि देवनागरी चिन्हाला ३. 'शाळा' लिहायचे तर दोन अक्षरे आणि दोन काने मिळून १२. शिवाय त्या लायब्ररीत आपल्या अक्षरांचे आकारच नाहीत. मग शब्दाचे चित्र काढायचे. १२८ गुणिले १६ बिंदूंची पट्टी म्हणजे २५६ बाइट, आणि तीही 'प्रोगमेम' लिहून फडताळातच ठेवायची.

रात्री चौकटीच्या वहीत पेन्सिलीने एकेक चौकोन भरत तिने 'मधली सुट्टी' काढले. जोडाक्षरातला दुसरा ट चार वेळा खोडला. उर्दूत 'छुट्टी' काढायचे काम आता माझ्याकडे आले आहे.