वेग, काम आणि उष्णता

शिरूर किंवा दौंडला मुलासाठी संगणक घ्यावयाचा ठरला, की प्रोसेसर इंटेलचा घ्यावा की एएमडीचा, हा प्रश्न हटकून निघतो. मग ज्याचा गिगाहर्ट्‌झचा आकडा मोठा तो श्रेष्ठ, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, ते पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. परंतु एका ठोक्यात काम किती उरकते, हे प्रोसेसरच्या रचनेवर अवलंबून असते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. चरकाचे फेरे मोजून तेथे कोणी रसाचा अंदाज बांधीत नाही. एका फेऱ्यात ऊस किती जातो, हेही पाहावे लागते. २००४ साली इंटेलचा पेंटियम-४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेला. तथापि एएमडीचा २.४ गिगाहर्ट्‌झचा अॅथलॉन-६४ पुष्कळ कामांत त्याच्या तोडीस तोड होता, काहींत तर सरसही.

या स्पर्धेत आपल्या जिल्ह्याचाही धागा आहे. पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे १९९३ च्या पेंटियमचे एक प्रमुख शिल्पकार. पुढे ते नेक्सजेन कंपनीत गेले. ती कंपनी १९९६ साली एएमडीने घेतली आणि १९९७ चा के-६ तिच्याच रचनेतून निघाला. तो पेंटियमच्याच खोबणीत बसत असे. त्यामुळे बाकीचे यंत्र तेच ठेवून दोघांची पारख करता येई.

आता ओव्हरक्लॉकिंगविषयी. कारखान्याने ठरविलेल्या वेगापेक्षा ठोके वाढविणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ठोके वाढविले की बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो. उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढविला, तर उष्णता सुमारे ४५ टक्के वाढते. काम फार तर २० टक्केच वाढते.

येथे आपल्या गावचा उन्हाळा आडवा येतो. पंख्याने निवणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाहून काही अंश वरच राहतो. २० अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर, तेच काम करताना, वैशाखातल्या ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जाईल. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपला वेग आपणच उतरवितात. म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले, तो ऐन सुट्टीतच हातचा जातो!

म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आपले नेहमीचे काम किती सेकंदांत होते, त्यास वीज किती लागते, आणि ती चाचणी किती तापलेल्या खोलीत झाली. एवढे विचारून मग खुशाल कोणत्याही कंपनीचा घ्यावा. वेग वाढविण्यावर खर्चावयाचे पैसे चांगल्या पंख्यावर घातले, तर आपल्याकडे ते अधिक कारणी लागतील, असे आमचे मत आहे.