टायमिंगवर जाऊ नका, घाट चढू द्या!

दोन गाड्या माळशेजला निघाल्यात. एकीत दोघंच. दुसरीत पाच जण, डिकीत बॅगा, वर खाण्यापिण्याचं सामान. मुरबाड येईपर्यंत पहिली गाडी मस्त पुढे! लगेच कुणीतरी म्हणतो, ‘बॉस, गाडी असावी तर अशी!’ पण थांबा. दोन्ही गाड्यांत वजन सारखं होतं का? आणि टोकावडं मागे टाकून खरा घाट लागल्यावर काय होणार?

फॉर्म्युला वनच्या सीझनआधीच्या टेस्टिंगमध्ये नेमका हाच लोच्या असतो. 2023 ते 2025 या तीन वर्षांत टीम्सना बहारीनमध्ये फक्त तीन-तीन दिवस मिळाले, तेही टीममागे एकच गाडी! 2026 मध्ये नियम बदलले म्हणून दिवस वाढवले गेले. रोज संध्याकाळी टायमिंगची यादी येते आणि जगभरचे फॅन्स वर्षाचा निकाल लावून मोकळे होतात. पण टाकीत किती पेट्रोल होतं, इंजिन किती ताणलं होतं, हे कुठलीच टीम सांगत नाही.

साधा हिशेब बघा. दहा किलो इंधन जास्त असलं, की एका फेरीला साधारण 0.3 सेकंद जास्त लागतात. म्हणजे पन्नास किलोचा फरक असेल तर दीड सेकंद गेला! आता 2019 चं बार्सिलोना आठवा. फेरारीचा व्हेटेल 1 मिनिट 16.221 सेकंद, मर्सिडीजचा हॅमिल्टन 16.224. फरक 0.003 सेकंदांचा. फेरारीच पुढे, असं जवळपास सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या पाचही शर्यतींत पहिला आणि दुसरा नंबर मर्सिडीजचाच आला.

टाकी रिकामी, हवा फुल

काही टीम्स तर मुद्दाम हलकी गाडी पळवतात, असा संशय नेहमीच असतो. टायमिंग चमकलं की स्पॉन्सर खूश! 2001 च्या हिवाळी टेस्टिंगमध्ये प्रॉस्ट टीमच्या वेगाने सगळ्यांना चकित केलं होतं. अख्ख्या सीझनमध्ये त्यांना पॉइंट्स मिळाले फक्त चार, आणि 2002 च्या सुरुवातीला टीमच बंद पडली.

पण प्रत्येक वेळी संशय खरा ठरतो असंही नाही हं! डिसेंबर 2008 मध्ये होंडाने अंग काढून घेतलं. तीच टीम रॉस ब्रॉनने वाचवली आणि मार्च 2009 मध्ये, जेमतेम शर्यतीच्या तोंडावर, टेस्टिंगला आणली. गाडी सुसाट! ‘टाकी रिकामी असणार,’ असं अनेकांना वाटलं. मेलबर्नला त्यांचे दोन्ही ड्रायव्हर पहिले-दुसरे आले आणि वर्षअखेरीस दोन्ही चॅम्पियनशिप त्यांच्याच खिशात गेल्या.

मग बघायचं काय?

फंडा सिंपल आहे. एका फेरीचं टायमिंग सोडा, फेऱ्या मोजा. 2014 मध्ये इंजिनांचे नियम पूर्ण बदलले होते. हेरेझच्या चार दिवसांत रेड बुलने कशाबशा 21 फेऱ्या मारल्या. मर्सिडीजने 309! त्या वर्षीच्या 19 पैकी 16 शर्यती मर्सिडीजने जिंकल्या.

दुसरं, सलग पंधरा-वीस फेऱ्यांचा ‘लाँग रन’ बघा. इंधन जळत जातं तशी गाडी हलकी होते, पण टायर झिजत जातात. तरीही फेरीची वेळ एकसारखी राहिली, तर समजा की गाडीत दम आहे.

आपल्या शहापूर तालुक्यात हे रोज बघायला मिळतं. आसनगावपर्यंत सुसाट आलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कारण पुढे 37 फुटांमागे एक फूट चढ! सपाटीवरचा वेग या चढावर उपयोगाचा नाही. इथे बघितलं जातं ते वजन आणि ताकद.

हाच घाट चढून वर गेलं की इगतपुरी. तिथे महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. या महिंद्राची टीम इलेक्ट्रिक गाड्यांच्या ‘फॉर्म्युला ई’मध्ये 2014 च्या पहिल्या सीझनपासून उतरते. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिको सिटीला नव्या गाडीची पहिलीच शर्यत होती. लुकास डी ग्रासीने पोल पोझिशन घेतली आणि तो तिसरा आला. वेग होता ना? होताच! पण सहा आठवड्यांनी केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेची शंका आली आणि टीमने क्वालिफाइंगच्या आधीच दोन्ही गाड्या मागे घेतल्या. घरच्याच टीमचं उदाहरण असल्याने जरा लागतं. पण ड्रायव्हरचा जीव पणाला लावण्यापेक्षा शून्य पॉइंट्स परवडले.

आणि टेस्टिंगच नसेल तर?

हे करुण चंडोकला विचारा. 2010 मध्ये त्याच्या एचआरटी टीमने सीझनआधी एक दिवसही टेस्टिंग केलं नव्हतं. बहारीनला त्याची गाडी सरावासाठी तयारच झाली नाही. करिअरमधल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीची गाडी त्याने पहिल्यांदा चालवली ती थेट क्वालिफाइंगमध्ये! शर्यतीत दुसऱ्याच फेरीला अपघात होऊन सगळं संपलं. मेहनत करून तिथवर पोचलेल्या मुलाला गाडीशी ओळख करून घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

म्हणून पुढच्या टेस्टिंगला यादीत पहिलं नाव कुणाचं, एवढंच बघून मित्रांशी पैज लावू नका. दिवसभरात कुणाची गाडी किती वेळा गॅरेजमध्ये उभी राहिली, ते आधी बघा. जिची सगळ्यात कमी वेळा राहिली, तिच्यावर लावा!