सात टक्के शब्द, बाकी थापा

कुवेतच्या शर्कमध्ये बँका, गुंतवणूक कंपन्या आणि सल्लागारांची दाटी. अल हमरा टॉवर इथलाच, शेअर बाजारही इथलाच. साहजिकच प्रेझेंटेशन कसं द्यावं याची ट्रेनिंगं इथे पैशाला पासरी. ट्रेनर लेबनीज असो, मल्याळी असो की आपला पुणेकर, पहिल्या चहाच्या आत एक गोल आलेख पडद्यावर हमखास उगवतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. खाली ‘संशोधनाने सिद्ध’. मंडळी माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. कुठलं संशोधन, असं विचारलं की ट्रेनर पाणी पितो.

तर ते संशोधन असं. १९६७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात ‘हनी’, ‘थँक्स’, ‘टेरिबल’ असे नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात तर एकच शब्द, ‘मेबी’, आणि जोडीला चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढंच ओळखायचं होतं. शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा भलतंच, अशा वेळी लोक कशावर भरवसा ठेवतात, हा प्रश्न होता. दोन्ही प्रयोगांची आकडेमोड एकत्र करून ७-३८-५५ निघाले. त्यात ना भाषण, ना स्लाइड, ना एक अख्खं वाक्य! ५५ टक्के होते तेही फोटोतल्या चेहऱ्याचे. हातवारे आणि उभं राहण्याची ऐट मागाहून कुणीतरी चिकटवली. भावना आणि आवडनिवड यांबद्दलचं बोलणं सोडून हे समीकरण लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनी लिहून ठेवलं आहे. ते कोण वाचतो?

आकडा खरा असता तर कुवेतमध्ये कुणाला अरबी शिकावीच लागली नसती. बैठकीत गाडी अरबीवर घसरली की आपण गप्प बसतो. आवाज ऐकू येत असतो, चेहरे दिसत असतात, हातवारे तर भरपूर. हिशेबाने ९३ टक्के कळायला हवं. प्रत्यक्षात कळतं ते इतकंच, की कुणीतरी कुणावर तरी उखडलं आहे. (मेहराबियन यांनी मोजलं ते साधारण हेच.) कशावरून उखडलं आणि किती दिनारांवरून, ते सगळं त्या उरलेल्या ७ टक्क्यांत.

आवाज नको, नजर नको, असं कुणी म्हणत नाही. पुटपुटणाऱ्याचं कोण ऐकणार? राग आहे तो या आकड्याच्या आडोशाला चालणाऱ्या आळसाचा. माणसं हात कुठे ठेवायचे याचा तासभर सराव करतात आणि स्लाइडवरचं गोंधळलेलं वाक्य मात्र तसंच राहतं. त्याची किंमत काय असू शकते? जानेवारी २००३ मध्ये, कल्पना चावला ज्यात होत्या त्या कोलंबिया यानावर उड्डाणावेळी फोमचा तुकडा आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नासापुढे धोक्याचा आढावा मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. आदळलेला तुकडा सुमारे १९२० घन इंचांचा आणि हाताशी असलेली चाचणी ३ घन इंचांच्या तुकड्याची, म्हणजे ६४० पटींचा फरक, हे मात्र तळाच्या उपमुद्द्यात. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची केलेली चिरफाड अपघाताच्या चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात छापली. परतताना यान फुटलं ते फोममुळे, स्लाइडमुळे नव्हे. पण प्रश्न जिवावरचा आहे हे ती स्लाइड वाचून वरिष्ठांच्या ध्यानात आलं नसेल तर नवल नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. तिथे देहबोली काय करणार होती?

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०’ हे शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. त्यांच्या १९४६ च्या मूळ ‘अनुभवाच्या शंकू’त एकही टक्केवारी नाही. ‘माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षा कमी’ याला आधार नाही. दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटची अक्षरं, हा उद्योजक गाय कावासाकी यांचा नियम गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी होता, तुमच्या वार्षिक अहवालासाठी नाही.

‘स्लाइडवर शब्दच नकोत’ हे अर्धसत्य. अख्खा मजकूर पडद्यावर टाकून तोच वाचून दाखवला तर शिकणं बिघडतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं. मात्र ऐकणाऱ्यांची ती मातृभाषा नसेल तर हा नियम सैल होतो, हेही मेयरच सांगतात. शर्कमधल्या खोलीत इजिप्शियन, फिलिपिनो, मराठी, कुवेती एकत्र बसतात आणि इंग्रजी बहुधा कुणाचीच मातृभाषा नसते. तिथे कळीचे शब्द आणि आकडे पडद्यावर असूच द्या. फक्त लाख-कोटी नकोत, मिलियन लिहा. आणि दिनाराचे फिल्स हजार, म्हणून इथे दशांश तीन घरांपर्यंत लिहितात. पडद्यावरचे १२.५०० म्हणजे साडेबारा दिनार. मुंबईहून परवाच आलेला हिशेबनीस ते साडेबारा हजार वाचू शकतो. शेजारी ‘दिनार’ लिहायला विसरू नका.