पान आडवं का सरकतं?

मोबाइलवर एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची वेबसाइट उघडावी, बोटाने पान वर ढकलावं, आणि ते वर जाता जाता थोडं डावीकडेही घसरावं. उजव्या कडेला रिकामी पांढरी पट्टी उघडी पडते. पान तयार करणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझ्या कॉम्प्युटरवर तर व्यवस्थित दिसतंय." आणि तो खोटं बोलत नसतो.

यावर एका ओळीचा उपाय सगळीकडे सांगितला जातो: बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावा. पट्टी जाते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण पट्टी हे फक्त लक्षण आहे. पानावरची कुठली तरी एक चौकट स्क्रीनपेक्षा रुंद झालेली असते, आणि ती तशीच रुंद राहते. तिचा बाहेर आलेला भाग तेवढा वाचकाला दिसेनासा होतो. त्या भागात अर्ज भरायचं बटण असेल तर तेही गेलं.

सीएसएसची पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. तेव्हापासून ब्राउझर एक गोष्ट पाळत आलेत: मजकूर मावला नाही तर तो कापायचा नाही, चौकटीबाहेर जाऊ द्यायचा. ओव्हरफ्लोची मूळ व्हॅल्यू व्हिजिबल आहे ती यासाठीच. दिसायला हे वाईट दिसतं, पण वाचकाचं काही हरवत नाही. शिवाय चूक कुठे आहे हे आपल्याला कळतं. म्हणून आधी चौकट शोधायची, मग ती रुंद का झाली ते पाहायचं, आणि लपवण्याचा विचार सर्वात शेवटी. यापुढे प्रॉपर्टींची नावं देवनागरीत येतील. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

चौकट शोधण्याआधी एक तपासणी. एचटीएमएलच्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का? त्यात विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला १ लिहिलेलं हवं. हा टॅग नसला तर मोबाइलचा ब्राउझर पान कॉम्प्युटरसाठीच आहे असं समजतो, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर ते मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. मुंगीएवढी अक्षरं दिसली तर पहिला संशय इथेच घ्यावा. काही जण याच टॅगमध्ये दोन बोटांनी मोठं करून पाहण्याची सोय बंद करून ठेवतात. चाळिशी ओलांडलेल्या वाचकावर हा शुद्ध अन्याय आहे.

आता शोध. सीएसएसच्या शेवटी तात्पुरता एक नियम लिहा: तारा, म्हणजे प्रत्येक एलिमेंट, आणि त्याला आउटलाइन १ पिक्सेल सॉलिड रेड. पानभर लाल रेषा उमटतील आणि जी रेषा स्क्रीनच्या उजव्या कडेपलीकडे जाते तीच गुन्हेगार. आउटलाइनऐवजी बॉर्डर लावू नका; बॉर्डर जागा खाते, मांडणी हलते आणि तपासात नवीनच चुका दिसू लागतात. फायरफॉक्समध्ये काम आणखी सोपं आहे. इन्स्पेक्टर उघडला की सरकणाऱ्या एलिमेंटशेजारी स्क्रोल असा बिल्ला दिसतो. त्यावर क्लिक केलं की ज्यांच्यामुळे ते सरकतं त्यांच्यावर ओव्हरफ्लोचा बिल्ला लागतो.

सापडणाऱ्या कारणांतलं सर्वात जुनं कारण रुंदीच्या हिशोबाचं. समजा फोन ३६० पिक्सेल रुंद आहे आणि बॉडीचं मार्जिन शून्य आहे. आत एका डिव्हला विड्थ १०० टक्के दिली, दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग आणि १ पिक्सेल बॉर्डर. सीएसएसच्या मूळ नियमात विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंगचे ३२ आणि बॉर्डरचे २ त्यावर चढतात, चौकट ३९४ पिक्सेल होते आणि ३४ पिक्सेल बाहेर येतात. गंमत अशी की इंटरनेट एक्सप्लोरर ५ पॅडिंग रुंदीच्या आतच मोजत असे. त्या काळी त्यावरून त्याला भरपूर शिव्या बसल्या, आणि आज आपण सगळे बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिहून तोच हिशोब मागून घेतो. हा नियम फाइलच्या सुरुवातीला सर्व एलिमेंटना, बिफोर आणि आफ्टर या स्यूडो-एलिमेंटसकट, एकदाच लावून टाकावा. मात्र एक लक्षात घ्या: डिव्ह स्वतःहून उपलब्ध रुंदी भरतोच. बऱ्याच ठिकाणी ती १०० टक्क्यांची ओळ मुळात नकोच असते. खोडून पाहा.

चित्रांचं काम दोन ओळींचं आहे: मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. चित्राखाली चार-पाच पिक्सेलची अनाकलनीय फट दिसत असेल तर डिस्प्ले ब्लॉक करा. चित्र हे ओळीतल्या अक्षरासारखं मांडलं जातं आणि अक्षरांचे खाली उतरणारे भाग मावावेत म्हणून ब्राउझर ती जागा राखून ठेवतो.

खरा डोकेफोड प्रकार फ्लेक्सबॉक्सचा. बातमीचं एक कार्ड घ्या: डावीकडे १०० पिक्सेलचा फोटो, उजवीकडे मजकूर. बाहेरच्या डिव्हला डिस्प्ले फ्लेक्स, मजकुराला फ्लेक्स १. महिनाभर सगळं सुरळीत चालतं. मग कोणी तरी मजकुरात एखाद्या ऑनलाइन फॉर्मची लांबलचक लिंक चिकटवतो आणि कार्ड स्क्रीनबाहेर जातं. फ्लेक्स १ चा अर्थ "उरलेली जागा घे" असाच आहे ना? आहे, पण त्याच्या वरचढ एक न लिहिलेला नियम आहे. फ्लेक्समधल्या प्रत्येक घटकाची मिन-विड्थ मुळात ऑटो असते. म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या सर्वात लांब तुकड्यापेक्षा तो घटक अरुंद होत नाही. मराठी वाक्यं शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तुटतात, त्यामुळे तोवर काही कळलं नव्हतं. लिंकमध्ये मोकळी जागा नसते.

त्या घटकाला मिन-विड्थ ० दिली की तो आक्रसायला तयार होतो. पण एवढ्यावर थांबलात तर लिंक आता घटकाच्या बाहेर लोंबेल, म्हणून तिला तुटण्याची परवानगीही द्यायची: ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर. याच प्रॉपर्टीची ब्रेक-वर्ड अशी दुसरी व्हॅल्यू आहे आणि ती दिसायला अगदी सारखीच. फरक इतकाच की किमान रुंदी मोजताना ब्राउझर एनीव्हेअर विचारात घेतो, ब्रेक-वर्ड घेत नाही. म्हणून नुसतं ब्रेक-वर्ड लिहून फ्लेक्समध्ये उपयोग होत नाही, आणि "मी तर लिहिलंय, तरी चालत नाही" असं म्हणायची पाळी येते. एकात एक फ्लेक्स असतील तर मिन-विड्थ ० मधल्या प्रत्येक पायरीवर लागते. ग्रिडमध्येही हाच घोळ आहे. तिथे १ एफआर म्हणजे खरं तर "किमान ऑटो, कमाल १ एफआर". त्याऐवजी मिनमॅक्समध्ये ० आणि १ एफआर लिहा.

वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल मात्र मराठी मजकुराला लावू नये. लिंक तुटते हे खरं, पण ओळीच्या शेवटी "महारा" आणि पुढच्या ओळीत "ष्ट्र" असंही होतं. गरज नसतानाही होतं.

तक्ता हा वेगळाच प्राणी. एसटीचं वेळापत्रक सात रकान्यांचं असेल तर ते ३६० पिक्सेलमध्ये कोंबण्यात अर्थ नाही. तक्त्याभोवती एक डिव्ह घाला आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या. तक्ता आडवा सरकेल, पान जागेवर राहील.

आता उलटी तक्रार: फोनवर ठीक, कॉम्प्युटरवर आडवी पट्टी. अशा वेळी सीएसएसमध्ये १०० व्हीडब्ल्यू शोधा. व्हीडब्ल्यू मोजताना उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते. विंडोजवर तो पंधरा-सतरा पिक्सेल जागा अडवतो, तेवढंच पान जास्त रुंद होतं. फोनवर तो मजकुरावर तरंगतो, म्हणून काही जाणवत नाही. १०० टक्के लिहा, प्रश्न मिटला. १०० व्हीएचची भानगड याच जातीची, पण फोनवरची: ॲड्रेस बार दिसत असताना पान उंच पडतं आणि तळाचं बटण स्क्रीनखाली जातं. त्यासाठी २०२२ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये डीव्हीएच आणि एसव्हीएच ही एककं आली आहेत.

लपवणं योग्य असतं अशीही एक जागा आहे. बाजूने सरकत येणारा मेनू बंद असताना उजवीकडे स्क्रीनबाहेर उभा असतो आणि पान रुंद करतो. तो बाहेर असणं हे आपणच ठरवलेलं आहे, तेव्हा तिथे कापायला हरकत नाही. फक्त हिडनऐवजी क्लिप वापरा. कारण असं: पूर्ण पानाला गुंडाळणाऱ्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स हिडन दिलं की त्याचं ओव्हरफ्लो-वाय आपोआप ऑटो होतं आणि तो डिव्ह स्वतंत्र स्क्रोल-पेटी बनतो. पोझिशन स्टिकी दिलेला हेडर आपल्या सर्वात जवळच्या स्क्रोल-पेटीला चिकटतो. ती पेटी स्वतः सरकतच नसल्याने हेडर पानाबरोबर वर निघून जातो. स्टिकी चालत नाही म्हणून जे लोक तासन्‌तास हेडरचं सीएसएस तपासतात, त्यांची चूक बहुतेक वेळा दोन-तीन पायऱ्या वर अशी बसलेली असते. क्लिप कापतं, पण पेटी तयार करत नाही. याशिवाय स्टिकीला टॉपची व्हॅल्यू दिली आहे ना, तेही पाहून घ्या.

मेनू उघडतो पण चित्राखाली दडतो, आणि झेड-इंडेक्स ९९९९९ करूनही वर येत नाही, ही पुढची नेहमीची तक्रार. झेड-इंडेक्सची तुलना पूर्ण पानावर होत नाही; ती एका स्टॅकिंग कॉन्टेक्स्टच्या आत होते. जेवणाच्या डब्यात खालच्या पुडातली सर्वात वरची पोळीसुद्धा वरच्या पुडातल्या भाजीच्या वर येणार नाही, तसंच हे. आणि नवा पूड नकळत तयार होतो: ओपॅसिटी १ पेक्षा कमी केली, ट्रान्सफॉर्म लावला, फिल्टर लावला, की झाला. म्हणून आकडा वाढवण्याऐवजी मेनूच्या वरच्या पायऱ्यांवर यांपैकी काही आहे का ते बघा आणि झेड-इंडेक्स त्या पायरीला द्या.

हे सगळं कुठल्याही भाषेच्या पानाला लागू आहे. देवनागरीचे स्वतःचे दोन-तीन घाव मात्र वेगळे, आणि तयार टेम्प्लेट घेऊन त्यात मराठी भरणाऱ्याला ते हमखास लागतात. "मूर्तींचा" हा शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर. रोमन अक्षरांच्या बेताने लाइन-हाइट १.१ ठेवलेली असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. बटणाला हाइट ३२ पिक्सेल आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर अनुस्वारच कापला जातो, म्हणजे शुद्धलेखनाची चूक सीएसएस करतं. मजकुराला लाइन-हाइट १.६ ते १.८ च्या दरम्यान ठेवावी आणि ती एककाशिवाय लिहावी. पिक्सेल किंवा टक्के लिहिले तर मोजून आलेला ठरावीक आकडा आतल्या मोठ्या मथळ्यालाही वारशाने मिळतो आणि मथळ्याच्या ओळी एकमेकींवर चढतात. बटणांना हाइटऐवजी मिन-हाइट आणि पॅडिंग द्यावं.

मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून लावलेलं लेटर-स्पेसिंग मराठीत शून्य करा. शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि फॉन्ट-फॅमिलीत निदान एक नाव देवनागरी असलेल्या फॉन्टचं हवं, उदाहरणार्थ मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा गुगलचा नोटो सान्स देवनागरी. नाही तर प्रत्येक फोन आपल्याजवळचा फॉन्ट घालतो, त्याची उंची-रुंदी वेगळी, आणि एका फोनवर एका ओळीत बसलेला मेनू दुसऱ्यावर दोन ओळींत जातो. एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड एमआर लिहायलाही विसरू नये.

दुरुस्ती केली आणि काहीच बदललं नाही, तर निराश होण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, कारण ब्राउझर जुनीच फाइल दाखवत असू शकतो. मग इन्स्पेक्टरमध्ये तुमची ओळ खोडलेली दिसते का पाहा. खोडलेली असेल तर दुसरा कुठला तरी अधिक नेमका सिलेक्टर तिच्यावर मात करतोय. ओळ तिथे नसेलच, तर सिलेक्टर चुकला आहे किंवा तिच्या आधी कुठे तरी महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे.

शेवटची चाचणी लाल रेषांचा नियम काढून टाकल्यावर करायची. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या निकषांत अशी अपेक्षा आहे की ३२० पिक्सेल रुंदीवर पान आडवं न सरकवता वाचता यावं. तक्ते आणि नकाशे यांना त्यातून सूट आहे. १२८० पिक्सेल रुंद खिडकीत झूम ४०० टक्के केला की नेमकी तीच रुंदी मिळते, त्यासाठी वेगळा फोन लागत नाही.