कुस्ती शिकवणारे हाडवैद्य : राजरत्न माणिकराव



आपल्या शहापूर-मुरबाडकडं जत्रेत कुस्त्या लागतात. एखाद्या पहिलवानाचा खांदा निखळला, की लोक आधी वस्तादाला हाक मारतात. कारण जुन्या तालमीत वस्ताद नुसते डाव शिकवत नसत. निखळलेला सांधा बसवणं, मुरगळलेला पाय चोळणं हेही त्यांना येत असे. अशाच एका मोठ्या वस्तादांची माहिती मी आज देत आहे.

त्यांचं नाव माणिकराव. ते बडोद्याचे. बडोदं गुजरातेत असलं तरी तिथं गायकवाडांचं राज्य होतं, म्हणून मराठी माणसं पुष्कळ. महाराज सयाजीराव तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. 1875 साली ते गादीवर आले. त्यांच्या काळात, 1880 साली, जुम्मादादा नावाच्या मुसलमान पहिलवानांनी बडोद्यात आखाडा काढला. माणिकराव त्यांचे शिष्य. पुढं आखाडा माणिकरावांनी वाढवला, पण त्याला नाव गुरूचंच राहिलं : जुम्मादादा व्यायाम मंदिर. आम्हांला ही गोष्ट फार आवडली.

तिथं कुस्ती, मल्लखांब, लाठी असे आपले देशी व्यायाम शिकवत. कवायतीचे हुकूम तेव्हा सगळीकडं इंग्रजीत असत. माणिकरावांनी ते आपल्या देशी भाषेत दिले. स्वामी कुवलयानंद 1907 ते 1910 या काळात त्यांच्याकडं शिकले. त्यांनीच पुढं 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगाची संस्था काढली. सयाजीरावांच्या राज्यात माणिकरावांना ‘राजरत्न’ ही पदवी मिळाली.

माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. हाडवैद्य दुखरा हात आणि चांगला हात शेजारी ठेवून फरक बघतो, बोटांनी चाचपतो, आणि मग बांधतो. ही विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार दिले आहेत. मोडलेल्या भागाला झाडाची साल लावून बांधायलाही त्यात सांगितलं आहे.

चीनमध्येही असंच होतं. फोशान गावी जन्मलेले वाँग फेई हुंग कुंग-फूचे गुरू होते, आणि त्यांचा दवाखानाही होता. 1924 सालच्या दंगलीत तो दवाखाना जळाला. देश दोन, भाषा दोन, पण रीत एकच. जो पाडायला शिकवतो, त्याला उठवायलाही आलं पाहिजे.

आता आपल्याकडचं सांगतो. माझा आतेभाऊ जांभळीवरून पडला. एकानं त्याच्या हातावर कामट्या इतक्या आवळून बांधल्या की बोटं काळीनिळी झाली. तरी ‘बसेल, बसेल’ म्हणत चार दिवस घरीच ठेवलं. अजून त्याचं कोपर सरळ होत नाही. त्याला मल्लखांब शिकायचा होता.

आज एक्स-रे आहे. आतलं हाड कुठं मोडलं ते त्यात दिसतं, बोटांना ते सगळं कळत नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

1. मोडलेला हात-पाय ओढू नका, चोळू नका, सरळ करायला जाऊ नका.
2. आहे तसाच ठेवून कामटीला कापड गुंडाळा आणि मोडल्या जागेच्या वर व खाली बांधा. मोडल्या जागेवर गाठ नको.
3. बोटं बघत राहा. गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या तर बांधलेलं लगेच सैल करा.
4. त्याच दिवशी शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात न्या. गाडी नसली तर शेजाऱ्याची मागा, पण दिवस घालवू नका.

वस्तादांचा मान मोठाच आहे. त्यांच्याकडून डाव शिकू, व्यायाम शिकू. पण हाड मोडलं तर वस्तादांनाही बरोबर घेऊन आधी दवाखाना गाठू.