सर्दीवर प्रतिजैविक का नको?

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक संवाद हमखास घडतो. तीन-चार वर्षांचे मूल, वाहते नाक, अंगात ताप. आई सांगते, "डॉक्टर, मागच्या वेळचे अँटिबायोटिक थोडे उरले होते. तेच दोन दिवस दिले, पण उतार नाही."

उतार पडावा कसा? पाणी घालून तयार केलेले असे औषध आठवड्या-दोन आठवड्यांत निरुपयोगी होते. ते ताजे असते तरी फरक पडला नसता. आपण ज्यांना सरसकट 'जंतू' म्हणतो, त्यांत मुळातच निरनिराळ्या जाती आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

जीवाणू ही एकच पेशी असते. पण ती खाते, वाढते आणि दुभंगून एकाच्या दोन होते. अनुकूल परिस्थितीत 'ई. कोलाय' हा जीवाणू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. चमचाभर विरजणाने रात्रीतून पातेलेभर दही लागते, तेही जीवाणूंमुळेच. टायफॉइड आणि क्षय हे रोगही जीवाणूंचेच. बहुतेक जीवाणूंभोवती एक भक्कम भित्तिका असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये सापडलेले पेनिसिलिन नेमके या भित्तिकेचे बांधकाम रोखते. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसल्याने त्या सुरक्षित राहतात.

यीस्ट ही बुरशीच्या कुळातील. जीवाणूपेक्षा आकाराने मोठी, पेशीत केंद्रक असलेली आणि अंगावर कोंब फुटून वाढणारी. पाव फुगतो तो तिच्यामुळे. 'कॅन्डिडा' नावाची यीस्ट आपल्या तोंडात व आतड्यात निमूटपणे राहते, कारण शेजारचे जीवाणू तिला पसरू देत नाहीत. प्रतिजैविकाने ते मारले गेले की तिला रान मोकळे मिळते. मग कधी जिभेवर पांढरे चट्टे दिसतात, तर कधी स्त्रियांना योनिमार्गात खाज सुटते. तिची भित्तिका वेगळ्या द्रव्यांची असल्याने तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही, बुरशीनाशकच लागते.

विषाणू तर पेशीच नव्हे. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक मजकूर, एवढाच त्याचा संसार. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला ना भित्तिका, ना स्वतःचा कारखाना. मग प्रतिजैविकाने घाव घालावा कुठे? सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू हे सारे विषाणूंचे आजार. काहींवर लस आहे, मोजक्यांवर विषाणुरोधक औषधे आहेत. साधी सर्दी मात्र शरीर स्वतःच बहुधा सात ते दहा दिवसांत परतवते.

अनावश्यक प्रतिजैविकाने सर्दी तर हटत नाहीच, उलट शरीरातील दुबळे जीवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरून वाढतात. उद्या खरोखर न्यूमोनिया झाला, तर हेच औषध हात टेकू शकते.

म्हणून उरलेले प्रतिजैविक जपून ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नका. दिले असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण करा. सर्दीत मुलाला विश्रांती आणि भरपूर पातळ पदार्थ द्या. मात्र श्वास जलद चालला, मूल पाणीही पीत नसेल, गुंगीत असेल किंवा ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्या.